प्रार्थनास्थळांची आणि चर्चच्या वास्तूची मराठी नावे: सोलापुरात नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

बदली होऊन सोलापुरात आलेले शिक्षक, नुकतेच रुजू झालेले वार्ताहर, शहरातल्या जुन्या वास्तूंवर प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि लग्नाच्या पत्रिका जुळवणारे छपाईवाले अशा अनेकांचा एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. चर्चच्या इमारतीतल्या अमुक भागाला मराठीत काय म्हणायचे, हा तो प्रश्न. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा इंग्रजी शब्दांची यादी असते आणि प्रत्येक शब्दापुढे एक मराठी शब्द मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. या प्रश्नाचे उत्तर कोशात थोडेच सापडते. त्या वास्तूत दर रविवारी जाणाऱ्या माणसांच्या बोलण्यात ते पुष्कळ सापडते, आणि ते शोधण्याचा एक क्रम आहे. तो क्रम पुढे दिला आहे. लेखाचा भर चर्चवर आहे, कारण मराठी लिहिणाऱ्यांची सर्वाधिक गफलत तिथेच होते. पण सोलापूरसारख्या शहरात इतर प्रार्थनास्थळांची नावे नीट कळल्याशिवाय चर्चचे शब्दही नीट कळत नाहीत, म्हणून सुरुवात थोडी दुरून केली आहे.

पहिली पायरी: स्थळ कोणाचे आहे आणि तिथे काय घडते, हे आधी पाहावे

मराठीतील प्रार्थनास्थळांची बहुतेक नावे, तिथे कोण राहते किंवा काय केले जाते, यावरून पडली आहेत. देऊळ म्हणजे देवकुल, देवाचे घर. मंदिर या शब्दाचा मूळ अर्थही घर असाच आहे, आणि म्हणूनच तो विद्यामंदिर, नाट्यमंदिर, ख्रिस्तमंदिर असा सहज कुठेही बसतो. मशीद म्हणजे सजदा करण्याची, कपाळ टेकण्याची जागा. दर्गा हा मूळ फारसी शब्द असून त्याचा अर्थ दरबार किंवा उंबरठा असा आहे; दर्ग्यात एखाद्या पीराची कबर असते, मशिदीत ती असलीच पाहिजे असे नाही. मशीद आणि दर्गा एकाच आवारात असले तरी बातमीत एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिणे चूकच ठरते. ईदगाह हे ईदच्या सामुदायिक नमाजाचे मोकळे मैदान असते आणि तिथे बहुधा पश्चिमेकडची एक भिंत तेवढी बांधलेली असते.

सोलापुरात ही नावे आणखी गुंतागुंतीची होतात, कारण इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात. देवळाला कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत 'गुडी' म्हणतात, त्यामुळे शेजारीण 'गुडीला जाऊन येते' असे म्हणाली तर तो गुढीपाडवा नव्हे, हे नवख्याने लक्षात ठेवावे. तलावातल्या सिद्धेश्वराकडे जाताना लोक 'देवळात जातो' म्हणतात, पावतीवर मात्र 'देवस्थान' असते. देवस्थान या शब्दात मंदिरासोबत त्याची जमीन, व्यवस्था आणि विश्वस्त हे सारे येते. म्हणून 'देवस्थानाने निर्णय घेतला' हे वाक्य बरोबर, पण 'देवस्थानाचा कळस' याऐवजी 'मंदिराचा कळस' असे लिहिणे अधिक नेमके. होटगी मठासारखा मठ हे गुरुपरंपरेचे पीठ असते. तिथे शिवलिंग असले तरी त्याला नुसते मंदिर म्हटल्याने त्याची ओळख अर्धीच राहते.

आणि प्रत्येक पूजास्थान ही इमारत असतेच असेही नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूर आणि परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली असे परंपरा मानते. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेत या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन हे कन्नड वळणाचे नाव आहे. अक्षता सोहळा होतो तो संमती कट्ट्यावर. इथे लिंग हेच स्थळाचे नाव आहे आणि कट्टा हीच विधीची जागा आहे. अशा ठिकाणी 'मंदिर' हा शब्द मागून चिकटवू नये.

बौद्धांचे विहार, शिखांचा गुरुद्वारा, पारशांची अग्यारी ही नावे रूढ आणि निःसंदिग्ध आहेत. जैन मंदिराला दक्षिण महाराष्ट्रात 'बस्ती' म्हणतात, गुजराती भाषक जैन 'देरासर' म्हणतात, आणि लिहिताना त्या मंदिराचे लोक जो शब्द वापरतात तो घ्यावा.

एका उदाहरणावर मात्र थोडे थांबायला हवे. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला आज आपण सिनेगॉग म्हणतो, मराठी बायबलमध्ये त्याला सभास्थान म्हटले आहे. पण मुंबईत १७९६ साली स्थापन झालेल्या, बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या सिनेगॉगला लोक 'जुनी मशीद' म्हणत आले आणि पुण्यातल्या १८६७ सालच्या, विटांच्या लाल रंगाच्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पुणेकर आजही 'लाल देऊळ' म्हणतात. म्हणजे मराठी माणसाने मशीद आणि देऊळ हे शब्द एकेका धर्माला कायमचे बांधून टाकले नव्हते. उपासनेची जागा दिसली की जवळचा शब्द तो देत असे. ही सवय ध्यानात ठेवली म्हणजे पुढची पायरी सोपी जाते.

दुसरी पायरी: 'चर्च' या शब्दातले तीन अर्थ वेगळे करावेत

'चर्च' म्हटल्यावर इमारत, त्या इमारतीत जमणारी माणसे आणि एखाद्या पंथाची संपूर्ण संघटना असे तीन अर्थ निघतात. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत चालत नाही. माणसांच्या समुदायासाठी मराठी ख्रिस्ती भाषेत 'मंडळी' हा अतिशय चांगला शब्द आहे. तो मराठी बायबलमध्ये आहे, प्रवचनात आहे आणि घरातही आहे. 'मंडळीने नव्या छपरासाठी वर्गणी काढली' आणि 'चर्चचे छप्पर गळू लागले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली म्हणजे फरक दिसतो. नवख्या वाचकाला 'मंडळी' म्हणजे नुसते 'लोकहो' वाटण्याचा संभव असतो, म्हणून लेखात पहिल्यांदा वापरताना 'अमुक चर्चची मंडळी' असे पूर्ण लिहावे.

चौथाही एक अर्थ बोलण्यात येतो. 'आज चर्च किती वाजता आहे?' असे कोणी विचारले तर तो उपासनेची वेळ विचारत असतो. लिहिताना तिथे 'उपासना' लिहावे. कॅथलिकांच्या बाबतीत 'मिस्सा' लिहावे.

इमारतीच्या नावांत मात्र मराठीची श्रीमंती दिसते. 'चर्च' हा सर्वांना कळणारा शब्द आहे आणि सोलापुरात तो निःशंकपणे वापरावा. पण पुण्यात पंचहौदाजवळच्या कॅथेड्रलचे मराठी नाव 'पवित्र नाम देवालय' असे आहे. वसईचे ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळ म्हणतात. गोव्याकडे इगर्जी म्हणतात. तो पोर्तुगीज शब्द असून हिंदीतला 'गिरजाघर' त्याच मुळातून आला आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीला तर लोकांनी 'मोत माउली' करून आपल्या आयाबायांच्या रांगेत बसवले. कुणी प्रेमाने ठेवलेले असे नाव हाताशी असताना 'ख्रिस्ती धर्मियांचे प्रार्थनास्थळ' असा सरकारी कागदातला शब्दसमूह वापरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आणि मराठी मजकुरात 'गिरजाघर' लिहू नये. ते हिंदी आहे, आणि सोलापुरातला मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःच्या चर्चला तसे म्हणत नाही.

चॅपल, कॅथेड्रल आणि बॅसिलिका हे मोठेपणाचे क्रम नाहीत. चॅपल हे एखाद्या शाळेला, इस्पितळाला, मठाला जोडलेले किंवा मोठ्या चर्चच्याच आतले छोटे उपासनास्थान असते. ज्या चर्चमध्ये बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल, मग त्याची इमारत लहान असो वा मोठी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आसन असा आहे. बॅसिलिका हा पोपनी दिलेला मान असतो. सोलापूरचे कॅथलिक चर्च पुणे धर्मप्रांतात मोडते आणि त्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल पुण्यात आहे. तेव्हा सोलापुरातले एखादे चर्च कितीही भव्य वाटले तरी 'कॅथेड्रल' हा शब्द कौतुक म्हणून वापरता येत नाही.

तिसरी पायरी: पंथ विचारून घ्यावा

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो न विचारल्यामुळे होणारे घोटाळे अधिक मोठे असतात. सोलापूरच्या ख्रिस्ती समाजाची जडणघडण बऱ्याच अंशी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून झाली. या मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले आणि एकोणिसाव्या शतकातच ते सोलापुरापर्यंत पोचले. ते काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्या परंपरेत मंडळीला आणि उपदेशाला महत्त्व, सजावट साधी आणि मूर्तींना स्थान नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मिशनच्या परंपरेतली चर्चेस त्यात आली, तशीच अँग्लिकन परंपरेतलीही आली. त्यामुळे आज एकाच संघटनेतली दोन चर्चेस आतून अगदी वेगळी दिसू शकतात: एकात उपदेशाचे व्यासपीठ मधोमध, दुसऱ्यात ते बाजूला आणि मध्ये वेदी.

कॅथलिक चर्चमध्ये शब्दसंपदाच निराळी असते. तिथे पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीचे धर्मोपदेशक, नसून फादर असतात, येशूच्या आणि मरियामातेच्या मूर्ती असतात, भिंतींवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या अखेरच्या प्रवासाची, चौदा चित्रे किंवा शिल्पे असतात. एका पंथाचा शब्द दुसऱ्याच्या इमारतीत नेऊन ठेवला की वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ते तत्काळ खटकते, जसे विठ्ठलाच्या देवळाच्या वर्णनात कुणी नंदीमंडप लिहिला तर आपल्याला खटकेल.

चौथी पायरी: बाहेर उभे राहून पाहावे

आवाराला सोलापुरात 'कंपाउंड' म्हणतात. 'मिशन कंपाउंड' हा शब्द तर इतका रुळला आहे की त्याला 'मिशनचे आवार' केले तर पत्ता सापडणार नाही. रस्त्याकडच्या बाजूला दर्शनी भाग म्हणावे. दारापुढे छप्पर काढलेले असेल तर तो प्रवेशमंडप. 'पोर्च' हा शब्दही सर्वांना कळतो.

मनोरा आणि सुळका यांतला फरक सांभाळावा. चौकोनी किंवा अष्टकोनी उंच बांधकाम हा मनोरा. त्यावर निमुळते होत गेलेले टोकदार छप्पर हा सुळका. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चला असा सुळका आहे आणि तो समुद्रावरून येणाऱ्यालाही दिसावा असा बांधला गेला. सुळक्याला 'शिखर' म्हणण्याचा मोह होतो, पण इथे विचार करायला हवा. देवळाचे शिखर गाभाऱ्याच्या डोक्यावर असते. देव जिथे आहे ती जागा ते लांबून दाखवते. चर्चचा मनोरा बहुधा दारावर किंवा दाराजवळ असतो आणि तो घंटेसाठी असतो. लोकांना बोलावणे हे त्याचे काम. दोन्ही आकाशाकडे जातात, पण खालून त्यांचा अर्थ वेगळा आहे. मशिदीचा मिनार आणि आपला मनोरा हे एकाच अरबी शब्दाचे दोन अवतार आहेत, तरी मशिदीसाठी 'मिनार' आणि चर्चसाठी 'मनोरा' असा रूढ झालेला भेद पाळलेला बरा.

घंटेविषयीही असेच आहे. देवळात भक्त स्वतः घंटा वाजवून आपली वर्दी देतो. चर्चची घंटा नेमलेला माणूस ठरलेल्या वेळी दोरीने वाजवतो. एका थंडीच्या सकाळी मी हे काम जवळून पाहिले आहे. दोरीला हाताशी घट्ट गाठी मारलेल्या होत्या आणि घासून घासून तिचा खालचा हातभर भाग काळा, गुळगुळीत झाला होता. वाजवणारे आजोबा दोरी वर जाताना टाचा उचलून तिच्याबरोबर उंच होत आणि खाली ओढताना गुडघ्यात वाकत. त्या जागेला ते 'घंटाघर' म्हणत होते, आणि मीही तोच शब्द लिहितो.

छपरासाठी गवंड्या-सुतारांचे शब्द वापरावेत. लाकडी किंवा लोखंडी त्रिकोणी सांगाड्याला 'कैची' म्हणतात; तिच्यावर मंगलोरी कौले किंवा पत्रे असतात. खिडक्यांच्या कमानी गोल आहेत की टोकदार, हे लिहावे. पण टोकदार कमान दिसली की लगेच 'गॉथिक' लिहू नये. विजापूर आपल्या शेजारी आहे, आणि बहमनी-आदिलशाही इमारतींतही टोकदार कमानी आहेत. भिंतीला बाहेरून दिलेल्या दगडी आधाराला 'आधारभिंत' पुरते.

दाराजवळ किंवा जोत्यात एक कोरीव दगड बसवलेला असतो, त्याला कोनशिला म्हणतात. तिच्यावरचा मजकूर जसा आहे तसा, जुन्या शुद्धलेखनासह, वहीत उतरवून घ्यावा. चर्चचे अधिकृत नाव आणि साल यांसाठी याहून विश्वासाचे साधन हाताशी नसते. हाच शब्द बायबलमध्ये ख्रिस्तासाठी रूपक म्हणून आला आहे, त्यामुळे प्रवचनात 'कोनशिला' ऐकू आली तर ती इमारतीची असेलच असे नाही.

पाचवी पायरी: दारातून वेदीकडे चालत जावे

आत जाण्यापूर्वी उंबरठ्याकडे पाहावे. चपला बाहेर काढलेल्या दिसल्या तर आपणही काढाव्यात. काही मराठी मंडळ्यांत ती पद्धत आहे, काहींत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रार्थनेच्या वेळी स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. कोणी भेटले की 'जय ख्रिस्त' किंवा 'सलाम' ऐकू येईल. 'सलाम' हा मराठी ख्रिस्ती समाजाचा जुना, आपुलकीचा शब्द आहे.

दारातून आत आल्यावर लगेच जी छोटी जागा लागते ती प्रवेशदालन. तिच्यापुढे उपासकांची मोठी लांबट जागा असते, तिला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जहाज असा आहे, आणि लाकडी कैच्यांच्या छपराकडे मान वर करून पाहिले तर उलट्या ठेवलेल्या नावेचा सांगाडा खरोखरच दिसतो. मराठीत तिला 'मुख्य दालन' म्हणावे. 'सभामंडप' हा शब्दही अनेक जण वापरतात आणि तो मला चुकीचा वाटत नाही, कारण लोक जमून बसतात ती जागा एवढाच त्याचा अर्थ आहे. दालनाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी असतील आणि त्यांच्या पलीकडे अरुंद पट्टे असतील तर त्यांना 'बाजूची दालने' म्हणावे. बाकांच्या मधून जाणारी जी वाट असते, जिच्यावरून नवरी चालत येते, ती निव्वळ 'मधली वाट'. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना 'आइल' हा एकच शब्द असल्यामुळे भाषांतरात फार गोंधळ होतो. आधी कोणती ते विचारावे.

बसायला बाके असतात, आणि काही ठिकाणी पुढे सतरंज्या अंथरून मुले व बायका खाली बसतात. दाराच्या वर माडी असेल तर ती 'सज्जा' किंवा सरळ 'गॅलरी'. भिंतीवर एक लाकडी फलक दिसेल. त्याच्या खाचांत देवनागरी आकड्यांच्या छोट्या पाट्या सरकवलेल्या असतात आणि त्या दिवशी गायच्या गीतांचे क्रमांक त्यावरून कळतात. त्याला गीतांचा फलक म्हणतात. नवख्याने उपासनेत बसायचे असेल तर आधी तो पाहून घ्यावा, म्हणजे शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकवावे लागत नाही.

काही चर्चेसमध्ये मुख्य दालनाला पुढच्या टोकाशी दोन्ही बाजूंना फाटे फुटलेले असतात आणि वरून पाहिले तर इमारत क्रुसाच्या आकाराची दिसते. अशा आराखड्याला 'क्रुसाकृती' म्हणावे आणि त्या फाट्यांना 'आडवे दालन'. इथून पुढे एकदोन पायऱ्या चढून जो उंच भाग लागतो, तिथे शब्दांची खरी कसोटी लागते.

माझी स्वतःची चूक इथलीच आहे. तरुणपणी एका नियतकालिकासाठी नाताळाचे वर्णन लिहिताना मी 'चर्चच्या गाभाऱ्यात मेणबत्त्या उजळल्या आणि पुजाऱ्यांनी प्रसाद दिला' असे वाक्य लिहिले आणि ते तसेच छापूनही आले. पुढच्या आठवड्यात त्या मंडळीतल्या एका वृद्ध बाई भेटल्या. त्या रागावल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, 'अरे बाळा, गाभारा देवळात असतो. आमच्याकडे वेदी. आणि पुजारी नाही रे, पाळकसाहेब.' मग त्यांनी मला आत नेऊन एकेक वस्तू हाताने दाखवली. आज मी जे सांगतो आहे त्यातले निम्मे त्या अर्ध्या तासाचे आहे.

गाभारा का नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. गाभारा ही मूर्तीची खोली असते, लहान, अंधारी, आणि भक्त तिच्या बाहेर उभा राहून दर्शन घेतो. चर्चमधला उंच भाग ही कोणाची राहण्याची खोली नव्हे. मंडळीच्या डोळ्यांसमोर उपासनेचा मुख्य विधी जिथे होतो, ती ही जागा. तिला इंग्रजीत 'चान्सेल' किंवा 'सँक्च्युअरी' म्हणतात. मराठीत 'वेदीचा भाग' किंवा 'वेदीची जागा' एवढे पुरे आहे. 'पवित्रस्थान' हा शब्दही वापरतात, पण बायबलमध्ये तो यरुशलेमच्या मंदिराच्या आतील भागासाठी आला असल्याने जपून वापरावा. टोकाची भिंत अर्धगोलाकार असेल तर 'अर्धवर्तुळाकार भाग' असे साधे वर्णन करावे. 'एप्स' लिहिल्याने वाचकाला काहीच दिसत नाही.

वेदी हा शब्द यज्ञातून आला, आणि मराठी ख्रिस्ती भाषेने तो पूर्ण आपलासा केला. वसईकडे पोर्तुगीज वळणाचा 'आल्तार' ऐकू येतो. पूर्वी कॅथलिक चर्चमध्ये वेदी मागच्या भिंतीला लागून असे. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती पुढे आली आणि फादर लोकांकडे तोंड करून स्थानिक भाषेत मिस्सा करू लागले. जुन्या चर्चमध्ये म्हणून कधी दोन वेद्या दिसतात. काँग्रिगेशनल वळणाच्या चर्चमध्ये मात्र वेदीऐवजी साधे लाकडी मेज असते, कारण तिथे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, हे एकत्र बसून घ्यायचे जेवण मानले जाते. तिथले लोक 'मेज' म्हणत असतील तर आपण 'वेदी' लिहू नये. वेदीपुढच्या लाकडी किंवा लोखंडी कठड्याला कठडाच म्हणतात. त्याच्यापाशी गुडघे टेकून लोक प्रभुभोजन घेतात.

उपदेश जिथून होतो ते व्यासपीठ. पुराण सांगणाऱ्या व्यासांचे आसन हा त्याचा मूळ अर्थ, आणि तो इथे फार शोभून दिसतो. मात्र आपण आता कोणत्याही स्टेजला व्यासपीठ म्हणू लागलो आहोत, त्यामुळे नाताळच्या कार्यक्रमासाठी बांधलेल्या स्टेजला 'मंच' म्हणावे आणि व्यासपीठ उपदेशासाठी राखावे. शास्त्रपाठ वाचण्यासाठी वेगळा उतरता लाकडी स्टँड असेल तर त्याला 'वाचनपीठ' म्हणता येते.

बाप्तिस्म्याचे पाणी ठेवण्याचे दगडी किंवा धातूचे भांडे अनेक चर्चेसमध्ये दाराजवळ असते, कारण बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेश मानला जातो. भांडे छोटे असेल तर 'बाप्तिस्मा पात्र'. बॅप्टिस्ट परंपरेत माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. तिथे पायऱ्या असलेला हौद असतो आणि त्याला 'बाप्तिस्मा कुंड' हा शब्द योग्य आहे. पाळक किंवा फादर झगा घालतात आणि नोंदवह्या ठेवतात त्या खोलीला प्रोटेस्टंट लोक 'व्हेस्ट्री' आणि कॅथलिक 'सॅक्रिस्टी' म्हणतात; दोन्ही शब्द देवनागरीत तसेच लिहावेत.

कॅथलिक चर्चमध्ये वेदीमागे किंवा बाजूला एक छोटी कुलुपाची पेटी आणि तिच्याजवळ सतत जळणारा दिवा असतो. त्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते आणि तिला 'टॅबरनॅकल' म्हणतात. कोशात हा शब्द शोधणाऱ्याला 'निवासमंडप' असा अर्थ सापडतो. तो मराठी बायबलमध्ये अरण्यातल्या इस्राएल लोकांच्या तंबूसाठी आहे, आणि 'फादरांनी निवासमंडपाचे कुलूप उघडले' असे वाक्य छापले गेले तर वाचक चकित होईल. लिहायचे झाले तर 'पवित्र भाकरीची पेटी' असे लिहावे.

दिशेविषयी एक निरीक्षण सांगण्यासारखे आहे. जुन्या परंपरेप्रमाणे बांधलेल्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते. देऊळ बहुधा पूर्वाभिमुख असल्याने गाभारा पश्चिमेच्या टोकाला येतो. मशिदीतला मेहराब, म्हणजे भिंतीतली कमानदार खोबण, मक्केची दिशा दाखवतो आणि सोलापुरातून ती साधारण पश्चिम येते. शहरातल्या प्लॉटच्या अडचणीमुळे चर्चची दिशा पुष्कळदा बदललेली असते, तेव्हा 'पूर्वेकडची भिंत' असे लिहिण्याआधी सूर्य कुठे आहे ते पाहून घ्यावे. 'वेदीमागची भिंत' हे शब्द कधीच चुकत नाहीत.

सहावी पायरी: माणसांची आणि विधींची नावे जुळवावीत

प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक, आदराने पाळकसाहेब. कॅथलिकांचे फादर किंवा धर्मगुरू. 'पाद्री' हा जुना शब्द आता अनेकांना तुटक वाटतो, टाळावा. पूजा, आरती, प्रसाद, पुजारी हे शब्द प्रोटेस्टंट चर्चसाठी वापरू नयेत. उपासना, प्रार्थना, प्रभुभोजन, उपदेश, अर्पण हे तिथले शब्द आहेत. भजन मात्र खुशाल लिहावे, कारण नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले आणि टाळ-मृदंग चर्चमध्ये पाहुणे राहिलेले नाहीत. बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे, बोलण्यात 'क्रूस' आहे. वास्तूवरच्या चिन्हासाठी 'क्रूस' घ्यावा. मृतांच्या जागेला 'स्मशानभूमी' लिहू नये, 'दफनभूमी' किंवा 'कबरस्तान' लिहावे.

सातवी पायरी: शुद्धलेखन तपासावे

चर्च नपुंसकलिंगी आहे: ते चर्च, चर्चमध्ये, चर्चचा. वेदी स्त्रीलिंगी, क्रूस पुल्लिंगी. क्रूस लिहिताना दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: क्रुसावर, क्रुसाची. तसेच मशीद पण मशिदीत, देऊळ पण देवळात, दर्गा पण दर्ग्यात. 'ख्रिश्चन समाज' चुकीचे नाही, पण मराठीत 'ख्रिस्ती समाज' अधिक सरळ. फलकावरच्या नावात जे शुद्धलेखन असेल ते मात्र नियमात बसत नसले तरी बदलू नये. विशेषनामावर त्या मंडळीचा हक्क आहे.

आठवी पायरी: छापण्यापूर्वी वाचून दाखवावे

मजकूर तयार झाला की त्या चर्चमधल्या दोन माणसांना तो वाचून दाखवावा: एक पाळक किंवा फादर, आणि एक असे कोणी जे लहानपणापासून तिथल्या बाकांवर बसत आले आहे. पाळक ग्रंथातला शब्द सांगतील, दुसरी व्यक्ती घरातला सांगेल, आणि दोन्ही निराळे निघाले तर वास्तूच्या वर्णनात घरातला शब्द घेऊन विधीच्या वर्णनात ग्रंथातला घ्यावा. विचारताना 'याला शुद्ध मराठीत काय म्हणतात?' असे विचारू नये, कारण मग समोरचा माणूस अवघडतो आणि कोशातला शब्द आठवू लागतो. त्या वस्तूपाशी उभे राहून, तिच्याकडे बोट दाखवून, 'घरी बोलताना तुम्ही याला काय म्हणता?' एवढेच विचारावे, आणि जो शब्द येईल तो तिथेच वहीत उतरवून घ्यावा.